किल्ली आत, दार बंद: मोटारचालकांसाठी प्रतिबंध आणि उपाय

मोटारीची किल्ली आत राहून दारे बंद होणे ही घटना वरवर पाहता विसराळूपणाची वाटते. परंतु तिची कारणे बारकाईने तपासली तर दोष स्मरणशक्तीपेक्षा कृतींच्या क्रमात अधिक असल्याचे दिसून येते. इंजिन बंद करणे, किल्ली काढणे, सामान उतरवणे, दार लावणे आणि कुलूप घालणे या पाच कृती चालक दररोज इतक्या सरावाने करतो की, पावसामुळे, फोनमुळे किंवा मुलाच्या रडण्यामुळे त्यांतील एखादी कृती मधूनच गळाली तरी हात सवयीप्रमाणे पुढची कृती उरकून टाकतात आणि चूक लक्षात येते ती दार बंद झाल्याचा आवाज कानावर पडल्यानंतर. म्हणूनच ‘लक्ष ठेवावे’ एवढ्या उपदेशाने ही अडचण टळत नाही. क्रम बदलणे, दुसरी किल्ली हाताशी येईल अशा ठिकाणी ठेवणे आणि दार बंद झालेच तर सर्वांत आधी कोणता प्रश्न विचारायचा हे अगोदर ठरवून ठेवणे, असे तीन भाग तिच्या उपायात येतात. तो पहिला प्रश्न म्हणजे ‘आत कोण आहे?’ आत नुसती किल्ली असेल तर घाईने नुकसान होते. आत मूल, आजारी माणूस किंवा मुके जनावर असेल तर विलंबाने प्राण जाऊ शकतात. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर उभे आहे.

दोडामार्ग परिसरात हा विषय अधिक महत्त्वाचा का

१९९९ मध्ये सावंतवाडी तालुक्यातून वेगळा झालेला दोडामार्ग तालुका सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोवा आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या सीमांना लागून वसलेला असून, तिलारी घाट चढून गेल्यावर कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुका लागतो. येथील अनेक तरुण रोज सीमा ओलांडून डिचोली-म्हापशाकडे कामाला जातात, पावसाळ्यात मांगेलीच्या धबधब्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि चतुर्थीला मुंबई-पुण्याचे चाकरमानी स्वतःच्या गाड्या घेऊन गावी येतात. मोठ्या शहरात गाडीची कुलपे उघडणारा कारागीर हाकेच्या अंतरावर सापडतो. येथे मात्र तो बहुधा म्हापसा किंवा सावंतवाडीहून यावा लागतो, आणि गाडी घाटात किंवा धरणाच्या बाजूला उभी असेल तर त्याला बोलावण्यासाठी आधी मोबाइलची रेंज शोधावी लागते. त्यात जून ते सप्टेंबर या काळातील कोकणचा पाऊस आणि तिलारी खोऱ्यात २००२ पासून वावरणारे रानटी हत्ती यांचा विचार केला, तर किल्ली अडकल्यावर संध्याकाळच्या वेळी निर्मनुष्य रस्त्यावर तिष्ठत राहण्याचा प्रसंग केवळ गैरसोयीचा राहत नाही. ज्या ठिकाणी मदत उशिरा पोहोचते, त्या ठिकाणी पूर्वतयारी दुपटीने करावी लागते.

किल्ली आत अडकते कशी

उपाय समजून घेण्यासाठी प्रथम कुलपाची रचना समजून घेणे आवश्यक आहे. जुन्या गाड्यांत प्रत्येक दाराला स्वतंत्र खुंटी असे; आतली खुंटी दाबून आणि बाहेरचे हँडल ओढून धरून दार लावले की ते किल्लीविना बंद होई, आणि किल्ली स्टिअरिंगजवळच राही. त्यानंतर आलेल्या सेंट्रल लॉकिंगमध्ये, म्हणजे एका बटणाने सर्व दारांची कुलपे विजेच्या लहान मोटारींनी एकदम उघडण्याच्या व बंद होण्याच्या व्यवस्थेत, हा धोका कमी झाला असला तरी संपला नाही. रिमोटने गाडी उघडून ठराविक वेळेत, बऱ्याच गाड्यांत सुमारे ३० सेकंदांत, एकही दार उघडले नाही तर ती चोरीपासून संरक्षण म्हणून आपोआप पुन्हा बंद होते. या सोयीची माहिती नसलेला चालक रिमोटचे बटण दाबतो, किल्ली किंचित उघड्या काचेच्या फटीतून सीटवर टाकतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो, आणि परत वळेपर्यंत गाडी बंद झालेली असते.

डिकीचा प्रकार याहून फसवा आहे. अनेक गाड्यांत रिमोटवरील वेगळ्या बटणाने फक्त डिकी उघडते आणि चारही दारे बंदच राहतात. दोन्ही हातांनी तांदळाची पिशवी किंवा काजूबियांचे पोते उचलताना किल्ली क्षणभर डिकीच्या तळावर ठेवली जाते, पोते नीट बसवले जाते आणि दोन्ही तळव्यांनी डिकी खाली दाबली जाते. त्या क्षणी किल्ली, सामान आणि घरी परतण्याचा मार्ग तिन्ही एकत्र बंद होतात. ‘डिकी उघडी होती म्हणजे गाडी उघडी होती’ हा समज या चुकीच्या मुळाशी असतो.

तिसरा प्रकार स्मार्ट किल्लीचा आहे. ही किल्ली खिशात असतानाच गाडीशी रेडिओलहरींनी बोलते, त्यामुळे हँडलवरील बटणाला हात लावताच दार उघडते आणि इंजिन बटणाने सुरू होते. किल्ली आत असताना दार बंद करू गेल्यास गाडी सहसा आवाज करून नकार देते. परंतु हा नकार गाडीतील अँटेनांना किल्ली ‘दिसली’ तरच मिळतो. किल्ली धातूच्या डब्यात असेल, मोबाइलला चिकटून असेल, डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखालच्या फळीवर पडलेली असेल अथवा तिचा सेल अशक्त झाला असेल, तर अँटेना फसू शकतात, असा इशारा अशा गाड्यांच्या माहितीपुस्तिकांतूनच दिलेला असतो.

चौथे कारण आत बसलेल्या जिवांचे आहे. लहान मुलाला गप्प करण्यासाठी त्याच्या हाती किल्ली देऊन पालक दार लावतात आणि मागच्या बाजूने फिरून येईपर्यंत मुलाचे बोट रिमोटवर पडते. मागे बसवलेला कुत्रा खिडकीतून बाहेर पाहण्यासाठी पुढचे पाय दारावर टेकवतो आणि कुलपाचे बटण दाबले जाते. या दोन्ही प्रसंगांत जीव आणि किल्ली एकाच वेळी आत अडकतात, म्हणून गाडीची किल्ली हे मुलाचे खेळणे नव्हे, हा नियम घरातील प्रत्येकाने पाळावा.

क्रम बदलण्याची सवय

प्रतिबंधाचा पहिला नियम असा की, दार आतल्या बटणाने बंद करून मग लोटू नये. आधी बाहेर यावे, दार लावावे आणि हातातील किल्लीने किंवा रिमोटनेच कुलूप घालावे. किल्ली हाती असल्याशिवाय कुलूप लागूच नये, अशी ही रचना असल्याने स्मरणशक्तीवरचा भार हलका होतो. दुसरा नियम असा की, गाडीतून उतरल्यावर किल्लीला दोनच जागा असाव्यात, हात किंवा ठरलेला खिसा. सीट, डॅशबोर्ड, टप आणि डिकीचा तळ या चार जागा तिला कायमच्या निषिद्ध असाव्यात. तिसरा नियम असा की, डिकी दोन्ही हातांनी न लावता एका हाताने लावावी आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत किल्ली असावी.

हे नियम पावसाळ्यात विशेष कसोटीला लागतात. बाजारात गाडी उभी केल्यावर सरीचा जोर वाढतो, चालक दार किंचित उघडून आधी छत्री बाहेर काढतो, ती उघडण्यासाठी दुसरा हात लागतो म्हणून किल्ली मांडीवर ठेवतो, उभा राहताच ती घरंगळून सीटच्या फटीत जाते आणि भिजण्याच्या धास्तीने तो कोपरानेच बटण दाबून दार लोटतो. अशा वेळी छत्री उघडण्यापूर्वी किल्लीची दोरी बोटात किंवा मनगटात अडकवणे एवढा एक बदल पुरेसा ठरतो. धबधब्यावर किंवा नदीत उतरणाऱ्यांनी किल्ली काढलेल्या कपड्यांच्या गुंडाळीत ठेवू नये, तसेच स्मार्ट किल्ली घेऊन पाण्यात जाऊ नये, कारण पाणी शिरल्यास तिचे इलेक्ट्रॉनिक अंग निकामी होऊ शकते. सोबतच्या एका व्यक्तीने कोरडे राहून सर्वांच्या किल्ल्या सांभाळणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय.

रिमोटचा सेल हाही प्रतिबंधाचाच भाग आहे. बहुतेक किल्ल्यांत सीआर २०३२ या क्रमांकाचा ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल असतो. रिमोट पूर्वीपेक्षा जवळून दाबावा लागणे किंवा दोनदा दाबल्यावरच काम करणे ही तो संपत आल्याची खूण समजावी. सेल बदलताना जुन्यावर छापलेला क्रमांक वाचून तोच घ्यावा आणि काढलेला सेल मुलांच्या हाती लागणार नाही अशी काळजी घ्यावी, कारण गिळला गेलेला सेल अन्ननलिकेला गंभीर इजा करतो.

दुसरी किल्ली आणि साधी पाती

नव्या गाडीबरोबर साधारणपणे दोन किल्ल्या मिळतात आणि बहुधा त्यांच्यासोबत क्रमांक कोरलेली एक लहान पट्टी असते, जी हरवलेल्या किल्लीच्या जागी नवी बनवून घेताना उपयोगी पडते. ही पट्टी गाडीत ठेवू नये. घराच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. जुनी गाडी विकत घेताना दोन्ही किल्ल्या मागून घ्याव्यात, कारण गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी दावा तपासताना दोन्ही किल्ल्यांची मागणी करते.

दुसरी किल्ली कोठे ठेवावी, याचे उत्तर गाडी कोठे जाते यावर अवलंबून असते. रोज डिचोली-म्हापशाला जाणाऱ्याची दुसरी किल्ली घरातील दाराजवळच्या खुंटीला असणे योग्य, कारण दुचाकीवरून कोणीतरी ती आणून देऊ शकतो, मात्र ती कोठे आहे हे घरातील किमान दोघांना ठाऊक असले पाहिजे. चतुर्थीला मुंबईहून येणाऱ्या कुटुंबाची दुसरी किल्ली मात्र लालबागच्या किंवा डोंबिवलीच्या कपाटात राहिली तर ती शेकडो किलोमीटर दूर असते आणि म्हणून तिचा काहीच उपयोग होत नाही. अशा प्रवासात ती सोबत आणावी, पण चालकाऐवजी दुसऱ्या प्रौढ व्यक्तीच्या अंगावरील खिशात ठेवावी. गाडीतल्या बॅगेत ती ठेवणे दोन कारणांनी चुकीचे आहे: पहिली किल्ली अडकली तर तीही सोबतच अडकते, आणि स्मार्ट किल्ली असेल तर ती आत असल्याचे ओळखून गाडी बंद होण्यास नकार देऊ शकते. गाडीच्या खाली चुंबकाच्या डबीत किल्ली लपवण्याची पद्धतही कोकणात भरवशाची नाही, कारण खड्डे, चिखल आणि गंज यांमुळे डबी कधी गळून पडली हे कळत नाही, आणि चोराला ती जागा ठाऊक असते.

याहून स्वस्त आणि परिणामकारक असा एक उपाय आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत इमोबिलायझर ही यंत्रणा असते; किल्लीच्या मुठीत बसवलेली चिप ओळखल्याशिवाय ती इंजिन सुरू होऊ देत नाही. त्यामुळे चिप नसलेली, फक्त धातूची पाती असलेली प्रत अशा गाडीचे इंजिन सुरू करू शकत नाही, परंतु दाराचे यांत्रिक कुलूप मात्र उघडू शकते. अशी पाती किल्ली बनवणाऱ्या कारागिराकडून करून घेऊन पाकिटात ठेवली, तर चालकाला आत अडकलेल्या मूळ किल्लीपर्यंत पोहोचता येते आणि पाती हरवली तरी तिने कोणी गाडी चालवून नेऊ शकत नाही. काही नव्या गाड्यांच्या किल्ल्या सपाट बाजूवर नागमोडी चर कोरलेल्या असतात आणि त्यांच्यासाठी विशेष यंत्र लागते, म्हणून अशी प्रत मोठ्या गावातच करून घ्यावी आणि तेथेच दारात फिरवून तपासावी. रिमोटने बंद केलेली गाडी पातीने उघडल्यास काही गाड्यांत धोक्याचा भोंगा वाजतो. मूळ किल्ली हाती घेऊन रिमोटचे बटण दाबल्यावर किंवा इंजिन सुरू केल्यावर तो थांबतो, म्हणून त्याने गोंधळून जाऊ नये.

स्मार्ट किल्लीच्या पोटातही अशी एक पाती दडवलेली असते आणि लहान खटका सरकवल्यावर ती बाहेर येते. चालकाच्या बाजूचे हँडल नीट पाहिल्यास त्यावर, कधी प्लॅस्टिकच्या टोपीखाली झाकलेले, किल्लीचे छिद्र आढळते. किल्लीचा सेल किंवा गाडीची बॅटरी बसल्यावर दार उघडण्यासाठी ही सोय असते. केवळ किल्लीचा सेल संपला असेल तर दार पातीने उघडून, बऱ्याच गाड्यांत किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून धरल्यास इंजिन सुरू होते.

आत केवळ किल्ली असेल तेव्हा

अशा प्रसंगी चालकाने प्रथम थांबावे आणि गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून चारही हँडले, डिकी आणि प्रत्येक काच तपासावी, कारण एखादे मागचे दार नीट न लागल्याने उघडे राहिलेले असते किंवा एखादी काच दोन बोटे खाली असते. इंजिन चालू राहिले असेल तर गाडी बंदिस्त शेडमध्ये नाही ना हे पाहावे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू बंद जागेत साठतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ नुसार चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती नसताना इंजिन बंद करून ब्रेक लावल्याशिवाय गाडी सार्वजनिक जागी उभी ठेवता येत नाही, हेही ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून इंजिन चालू ठेवून दुकानात शिरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

त्यानंतर पर्यायांचा विचार खर्च आणि वेळ यांच्या चढत्या क्रमाने करावा. पहिला पर्याय दुसरी किल्ली मागवण्याचा. दुसरा पर्याय गाडीच्या मोबाइल ॲपचा. इंटरनेटला जोडलेल्या काही गाड्या ॲपवरून उघडता येतात, मात्र त्यासाठी फोन आणि गाडी या दोघांनाही नेटवर्क मिळाले पाहिजे, त्यामुळे घाटात या सोयीवर विसंबून राहू नये. तिसरा पर्याय रस्त्यावरील मदतसेवेचा, जिला रोडसाइड असिस्टन्स म्हणतात. ती गाडीच्या कंपनीकडून किंवा विम्याच्या जोडकलमातून मिळते आणि तिचा क्रमांक अनेकदा काचेवरील स्टिकरवर असतो, जो बाहेरूनही वाचता येतो. चौथा पर्याय कुशल कारागिराचा.

फोनही आतच राहिला असेल तर हे सर्व पर्याय परक्याच्या फोनवरून वापरावे लागतात. म्हणून घरातील दोन व्यक्तींचे क्रमांक तोंडपाठ असावेत, आणि गाडीच्या नोंदणीपत्राचे व विम्याचे छायाचित्र त्यांच्या फोनमध्ये असावे, कारण डिजिलॉकरमध्ये दुसऱ्या फोनवरून प्रवेश करताना लागणारा ओटीपी आत अडकलेल्या फोनवरच येतो. एमएच ०७ क्रमांकाची गाडी गोव्यात उघडताना पाहून एखाद्या पोलिसाने किंवा नागरिकाने हटकले, तर मालकीचा पुरावा दाखवता येणे हे चालकाच्या आणि कारागिराच्या दोघांच्या हिताचे असते. नावनिशी न विचारता गाडी उघडून देणाऱ्या कारागिरापेक्षा कागद पाहणारा कारागीर अधिक विश्वासाचा समजावा.

कारागिराशी बोलताना गाडीचे मॉडेल, वर्ष आणि किल्लीचा प्रकार सांगून पद्धत व मजुरी आधीच ठरवावी. चांगला कारागीर दाराच्या वरच्या कोपऱ्यात हवेने फुगणारी लहान पिशवी सरकवून किंचित फट करतो आणि तीतून लांब सळई घालून आतले हँडल किंवा बटण ओढतो. अथवा कुलपाच्या छिद्रातून काम करतो. काचेच्या रबरातून पोलादी पट्टी दारात खुपसण्याची जुनी रीत आजच्या गाड्यांत टाळावी, कारण दाराच्या पोटात काच चढवणाऱ्या मोटारीच्या तारा आणि अनेक गाड्यांत एअरबॅगशी संबंधित संवेदक असतात, त्यांना धक्का लागल्यास दुरुस्तीचा खर्च मजुरीच्या कितीतरी पट होतो. काम झाल्यावर चारही दारे उघडून, लावून, काच वरखाली करून पाहावी.

दोन समजुतींचे निराकरण येथे आवश्यक आहे. घरच्या माणसाने फोनजवळ रिमोट दाबला आणि चालकाने आपला फोन दाराजवळ धरला तर गाडी उघडते, ही समजूत चुकीची आहे. रिमोट रेडिओलहरी सोडतो आणि फोन फक्त आवाज पोहोचवतो. तसेच छिद्र पाडलेला टेनिसचा चेंडू कुलपावर दाबून हवेच्या दाबाने दार उघडण्याची कृतीही निष्फळ ठरते, कारण विजेवर चालणारे सेंट्रल लॉकिंग असल्या हवेच्या दाबाला प्रतिसाद देत नाही.

स्कूटरच्या सीटखालील डिकीत किल्ली राहणे हा याच अडचणीचा धाकटा प्रकार आहे. सीट पहारीने किंवा हाताने उचकटल्यास तिचा पत्रा आणि खटका दोन्ही वाकतात. त्याऐवजी दुसरी किल्ली आणावी किंवा खटक्याची केबल बाहेरून ओढू शकणाऱ्या मेकॅनिकला बोलवावे.

आत जीव असेल तेव्हा

येथे सर्व क्रम उलटतो. किल्लीवाल्याची वाट पाहणे, दुसऱ्या किल्लीसाठी माणूस धाडणे, काचेच्या किमतीचा विचार करणे, यांपैकी कशालाही जागा राहत नाही. २००५ मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या बालवैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचे आतले तापमान तासाभरात सरासरी सुमारे २२ अंश सेल्सिअसने वाढल्याचे आढळले. त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली होती आणि काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नव्हता. कोकणातील मे महिन्याच्या उन्हाला ही वाढ लावून पाहिली तर आतली हवा अर्ध्या तासातच ५० अंशांच्या आसपास जाऊ शकते. मुलाचे शरीर प्रौढांच्या तुलनेत तीन ते पाच पट वेगाने तापते आणि शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की उष्माघाताची अवस्था सुरू होते.

हा धोका महाराष्ट्राने पाहिलेला आहे. जून २०२३ मध्ये नागपुरात खेळायला बाहेर पडलेली तीन लहान मुले घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत मृतावस्थेत सापडली. त्या घटनेचा बोध वेगळ्या दिशेचा आहे: वापरात नसलेली गाडी उघडी ठेवणे हेही तितकेच घातक असते. अंगणात, खळ्यात किंवा मांगराच्या बाजूला उभी असलेली गाडी, ती बंद पडलेली असली तरी, कुलूपबंद असावी, आणि मूल दिसेनासे झाल्यास विहिरीबरोबरच गाड्या व डिक्याही सर्वांत आधी पाहाव्यात.

मूल समजत्या वयाचे असेल तर काचेतून खुणेने त्याला आतले हँडल ओढण्यास किंवा खुंटी वर करण्यास सांगावे, आणि त्याच वेळी दुसऱ्याने ११२ वर पोलिसांना व १०८ वर रुग्णवाहिकेला कळवावे. सीमेलगत फोन कधी महाराष्ट्राच्या तर कधी गोव्याच्या मनोऱ्याशी जोडला जातो, आणि दोडामार्ग या नावाची वस्ती सीमेपलीकडे गोव्याच्या डिचोली तालुक्यातही आहे. त्यामुळे राज्य, तालुका, गाव आणि जवळची खूण या क्रमाने पत्ता सांगावा. मूल तान्हे असेल, रडता रडता गप्प झाले असेल, घामाघूम किंवा निस्तेज दिसत असेल, तर कोणाचीही वाट न पाहता काच फोडावी.

कोणती काच फोडावी हे ठाऊक असणे येथे निर्णायक ठरते. समोरची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे ती तडकते पण वाट देत नाही. बाजूच्या काचा सहसा टफन्ड, म्हणजे उष्णतेने कणखर केलेल्या असतात. त्या मधोमध आघात सोसतात, पण कोपऱ्याजवळ टोकदार वस्तूचा जोराचा घाव बसला की एकदम बारीक दाण्यांत कोसळतात. म्हणून मुलापासून सर्वांत दूरची बाजूची काच निवडावी आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात घाव घालावा. गाडीतील पाना डिकीत अडकलेला असतो, तेव्हा बाहेर काय मिळते याचाच विचार करावा लागतो: पहारीचे टोक सर्वांत चांगले, त्यानंतर हातोडी, कोयत्याची मागची बाजू किंवा धारदार कोपऱ्याचा काळा दगड. रस्त्याकडेला सहज सापडणारा जांभा दगड मात्र मऊ असल्याने आघातात स्वतःच भुगा होतो आणि मोलाचे क्षण वाया जातात. घाव घालणाऱ्याने तोंड वळवावे, हाताला टॉवेल किंवा शर्ट गुंडाळावा, आणि काच कोसळल्यावर उरलेले दाणे कपड्याने झाडून आतले हँडल ओढावे.

बाहेर काढलेल्या मुलाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर साधे पाणी शिंपडून वारा घालावा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मूल लगेच खेळू लागले तरी दोडामार्गच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे त्याची तपासणी करून घ्यावी.

दुसऱ्याच्या गाडीची काच फोडण्यास लोक कायद्याच्या भीतीने कचरतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये, गुन्हेगारी हेतूविना आणि सद्भावनेने, मोठी हानी टाळण्यासाठी केलेल्या कृतीला संरक्षण दिलेले आहे. आत जीव गुदमरत असल्याचे दिसत असताना पोलिसांना कळवून फोडलेली काच याच तत्त्वात बसते. आत कोणी आहे हे दिसावे यासाठी काचाही स्वच्छ असल्या पाहिजेत. पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, या नियमाचे मोल अशा वेळी कळते.

विमा आणि खर्च

सर्वसमावेशक विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही, परंतु १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीसाठी १००० रुपये आणि त्याहून मोठ्या गाडीसाठी २००० रुपये ही अनिवार्य रक्कम मालकालाच सोसावी लागते, आणि दावा केल्यास २० ते ५० टक्क्यांपर्यंत मिळणारा नो क्लेम बोनस जाऊ शकतो. म्हणून एका काचेसाठी दावा करण्यापूर्वी काचेच्या खर्चाची या दोन्ही रकमांशी तुलना करावी. किल्लीच्या बदलीचे जोडकलम घेताना ते केवळ हरवलेल्या किल्लीला लागू आहे की कारागिराच्या मजुरीलाही, तसेच मदतसेवा आपल्या गावापर्यंत आणि सीमेपलीकडे पोहोचते की नाही, हे पॉलिसीत वाचून घ्यावे.

घरापुढची रंगीत तालीम

या सर्व माहितीचा उपयोग ती हातांना ठाऊक झाल्यावरच होतो. म्हणून एखाद्या कोरड्या संध्याकाळी, घरापुढच्या खळ्यात गाडी उभी करून, गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तालीम करावी. दुसरी किल्ली घरातील माणसाच्या हातात द्यावी आणि मगच प्रयोग सुरू करावा. रिमोटने गाडी उघडून दार न उघडता उभे राहावे आणि ती किती सेकंदांत पुन्हा बंद होते ते मोजावे. फक्त डिकी उघडून दारे बंद राहतात का ते पाहावे. स्मार्ट किल्लीतील पाती काढून हँडलवरील छिद्र शोधावे आणि तिने दार उघडून पाहावे. पुष्कळ वर्षे न वापरलेले छिद्र धुळीने आणि ओलीने घट्ट झालेले असते, ते याच वेळी लक्षात येते आणि किंचित ग्रॅफाइट किंवा कुलपाचे तेल सोडून मोकळे करता येते. मुलांना मागच्या सीटवर बसवून, दार आतून कसे उघडायचे आणि हॉर्न कसा वाजवायचा हे त्यांच्याच हातांनी करून घ्यावे. शेवटी गाडी बंद करून, किल्ली मुठीत धरून, ती डोळ्यांनी पाहावी. तिलारीच्या घाटात भर पावसात चालकाच्या उपयोगी पडेल ती याच संध्याकाळी हातांना लागलेली सवय.